सत्तर पानांचा पुडा

"हे डोंगरी तं फागुनात जरली, बाबू. मीच ओली फांदी घेऊन इझवाले गेली होती. तुमच्या कागदावर ते हिरवीगार कशी?"

२०२३ चा एप्रिल होता. दिवसभर मोहफुलं वेचून, अंगणात वाळत घालून लोक सायंकाळी समाजमंदिरात जमले होते. कुरखेड्याहून सती नदी ओलांडून पुढे गेलं की जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा नकाशा मी भिंतीवर लावला होता. बोलणाऱ्या मावशींचं बोट त्यातल्या सगळ्यात गडद हिरव्या डागावर होतं. त्या डोंगरीला महिन्याभरापूर्वी आग लागली होती, हे सभेतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. नकाशा नेमकं उलटं सांगत होता.

मी नकाशा खाली उतरवला, गुंडाळला आणि "तपासून परत येतो" एवढंच म्हणालो. रात्री मोटरसायकलवर परतताना एकच विचार डोक्यात होता. डोंगरी सोडून दुसरीकडे कुठे चूक असती, जिथे गेल्या वर्षभरात कुणी फिरकलंच नसतं, तर ती कोणी दाखवली असती?

हे काम का सुरू झालं ते आधी सांगायला हवं. गडचिरोली जिल्ह्याची जवळपास ७० टक्के जमीन जंगलाखाली आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी आपापले दावे मान्य करून घेतले. हक्काबरोबर जबाबदारीही आली. जंगलाचा आराखडा आता गावाने करायचा. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभेनं करायचा, बांबू कुठे तोडायचा आणि कुठे राखायचा तेही तिनंच ठरवायचं. या गावाचा प्रश्न साधा होता. गेल्या पाच उन्हाळ्यांत आग कुठे कुठे फिरली, आणि जळालेलं रान पुन्हा किती फुटलं? मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेंदूला नवी कोवळी पालवी यावी म्हणूनही कुणी काडी लावतं. हे थांबवायचं तर आग अडवणाऱ्या जाळरेषा कुठे काढायच्या, ते ठरवायला पुरावा हवा होता.

आग लागल्याची उपग्रहावरून येणारी सूचना मोबाइलवर मिळते. पण तिचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टरांचा. कोणता उतार जळाला हे तिच्यातून कळत नाही. म्हणून मी सेंटिनेल-२ ची चित्रं घेतली. युरोपच्या या जोडीतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये अवकाशात गेला. तेव्हा दोघे मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जात आणि दहा मीटरचा ठिपका टिपत. ही चित्रं जगात कुणालाही फुकट मिळतात. जानेवारी ते मे असे पाच उन्हाळे म्हणजे साधारण दीडशे तारखा. त्या त्या वर्षी चित्रं उतरवून ठेवायची सवय मी लावून घेतली होती. कुरखेड्यात दिवसा इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. म्हणून रात्री डाउनलोड लावून ठेवायचं आणि सकाळी मोजायचं.

आता आकडे सांगतो, कारण या कामाचं खरं दुखणं आकड्यांतच आहे. सेंटिनेलच्या एका अख्ख्या चित्राच्या चौकटीची बाजू जवळपास ११० किलोमीटर. कुरखेडा, कोरची आणि आसपासच्या बऱ्याच ग्रामसभांचं काम एकदम व्हावं म्हणून मी अख्खी चौकट घेत होतो. दहा मीटरच्या एका पट्ट्यात, म्हणजे एका प्रकारच्या प्रकाशाच्या चित्रात, १०,९८० ओळी आणि प्रत्येक ओळीत तेवढेच ठिपके, म्हणजे बारा कोटींहून जास्त ठिपके. उपग्रहाकडून येणारा प्रत्येक ठिपका दोन बाइटांचा, म्हणजे एका पट्ट्याचे २४१ एमबी. हे कुठल्याही संगणकाला पेलतं. पण भागाकार करायचा म्हणून तुम्ही काही न सांगता आकडे दशांशात बदलले, की पायथन प्रत्येक ठिपक्याला आठ बाइट देतो. तोच पट्टा मग जवळपास एक जीबी होतो. हिरवाई मोजायला दोन पट्टे लागतात. त्यांची बेरीज, त्यांची वजाबाकी आणि उत्तर धरून एकाच वेळी पाच पट्टे रॅममध्ये उभे राहतात, म्हणजे पाच जीबी. आमच्या संगणकाच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणून मी एकदम चार तारखा चालवायला सांगितल्या. वीस जीबी लागणार होते आणि रॅम होती सोळा. रॅम संपली की संगणक उरलेलं ओझं डिस्कवर टाकतो, आणि आमची मोठी डिस्क यूएसबीने जोडलेली, फिरत्या तबकडीची. दहा मिनिटांत माउस हलेनासा झाला. रात्रभर डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला आणि सकाळपर्यंत एकही तारीख पुरी झाली नव्हती.

तेव्हा घाईत मी एक सेटिंग बदलली. आकडे दशांशात बदलूच नकोस, दोन बाइटांचे पूर्णांकच ठेव, भागाकार अगदी शेवटी कर, असं सांगितलं. काम सुरळीत चाललं. वेळ कमी लागला, रॅम निम्मीसुद्धा भरली नाही, कुठेही लाल अक्षरांत काही आलं नाही. मला समाधान वाटलं. डोंगरी हिरवी झाली ती याच एका ओळीमुळे.

दोन बाइटांच्या त्या पूर्णांकाला शून्याखाली जाताच येत नाही. शून्यापासून ६५,५३५ पर्यंत त्याची धाव. शून्यातून एक वजा केला की तो थेट ६५,५३५ वर जाऊन बसतो. जळालेल्या जमिनीची खूण ओळखायची रीत अशी की डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त पट्ट्यातून त्याहून लांब लहरींचा अवरक्त पट्टा वजा करायचा. हिरवं पान पहिल्या पट्ट्यात चमकतं, राख आणि उघडी माती दुसऱ्यात. म्हणजे जळालेल्या जागी उत्तर ऋण येणार, ते ऋण येणं हीच खूण. डोंगरीवर पहिला आकडा १,२०० होता, दुसरा २,०००. उत्तर उणे ८०० यायला हवं होतं. यंत्राने ६४,७३६ दिलं. बेरजेनं, म्हणजे ३,२०० ने भागल्यावर ते वीसच्या वर गेलं. निर्देशांक एकच्या वर जाऊच शकत नाही. पण मीच आधी एक सावधगिरीची ओळ लिहून ठेवली होती की एकच्या वर काही आलं तर ते एकवर आणून ठेव. त्या ओळीनं वीसचा एक केला. एक म्हणजे सगळ्यात निरोगी जंगल. चूक झाली आणि तिच्यावर पांघरूणही मीच घातलं होतं.

पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा मांडायला घेतलं. या वेळी यंत्रापाशी बसण्याआधी कागदावर लिहून काढलं, आणि लिहिताना सारखी फळी डोळ्यांपुढे येत होती.

मे महिन्यात तेंदू तोडणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही गावात गेलात तर फळी, म्हणजे पुडे मांडून मोजायची जागा, दिसेल. पहाटे रानात जाऊन पानं तोडून आणायची, दारात बसून घरच्यांनी मिळून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मांडायचे. पुडा सत्तर पानांचा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. दिवसाची लाखो पानं गावातून जातात, तरी ती एकेक करून कुणी मोजत बसत नाही आणि ढिगानं तोलतही नाही. सत्तर पानं हातात मावतात, दोरीनं बांधता येतात, उलटी करून उन्हात मांडता येतात. अवकाळी पाऊस आला आणि काही पुडे भिजले तर तेवढेच बाजूला काढतात, अख्खी फळी फुकट जात नाही. सत्तर हा आकडा हाताच्या बेतानं ठरला असावा असं मला नेहमी वाटतं.

माझ्या यंत्राचा हात किती मोठा, हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. अख्खा पट्टा उचलण्याऐवजी २,०४८ बाय २,०४८ ठिपक्यांचे तुकडे केले. एका चित्राचे छत्तीस तुकडे झाले. आकडा दशांशातच ठेवला, पण आठऐवजी चार बाइटांचा. त्यात सात अंकांपर्यंतची अचूकता राहते आणि उपग्रह मोजतो चार-पाच अंकांपर्यंत, म्हणजे गमावलं काहीच नाही. एका तुकड्याचे पाचही पट्टे मिळून ८४ एमबी झाले. चार कोअरांपैकी तीन कामाला लावले, एक संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी मोकळा ठेवला. रॅमचा काटा मग हललाच नाही. तीनशे-साडेतीनशे एमबीच्या आत सगळं चालू राहिलं.

साठवणीचीही घडी बसवावी लागली. मधल्या फाइली ओळीओळीनं साठवल्या जात होत्या. चौकोनी तुकडा हवा असेल तर त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी पूर्ण रुंदीची ओळ वाचावी लागे, म्हणजे गरजेच्या पाचपट वाचन. कडब्याची एक पेंढी काढायला अख्खी गंजी उपसण्यासारखं ते होतं. फाइली आतून ५१२ च्या चौकटींत बांधायला सांगितल्या आणि दाबून साठवायला सांगितल्या. दाबलेली फाइल उघडायला प्रोसेसरला श्रम पडतात, पण आमची डिस्क मंद आणि प्रोसेसर रिकामा बसलेला, त्यामुळे दाबून ठेवल्यानं वाचन उलट लवकर होऊ लागलं. चालू कामाच्या तात्पुरत्या फाइली छोट्या एसएसडीवर, मूळ चित्रं मोठ्या डिस्कवर आणि तयार निकाल दोन्हीकडे अशी वाटणी केली. निकाल साठवताना दहा हजारानं गुणून पुन्हा दोन बाइटांत ठेवला, पण या वेळी शून्याखाली जाऊ शकणाऱ्या प्रकारात. ढगाखालच्या आणि कडेच्या ठिपक्यांना शून्य न देता "माहिती नाही" अशी वेगळी खूण दिली. शून्य हेसुद्धा उत्तरच असतं. माहिती नसण्याला शून्य म्हटलं की सरासरी खोटं बोलू लागते.

राहिली लाईट. उन्हाळ्यात वारं सुटलं की लाईट जाणारच, हे धरूनच चालायचं. यूपीएस पंधरा मिनिटं पुरतो. म्हणून प्रत्येक तुकडा आधी कच्च्या नावानं लिहायचा आणि पुरा झाल्यावरच पक्कं नाव द्यायचं, असा नियम केला. लाईट आली की यंत्र पक्की नावं वाचतं आणि उरलेल्यापासून पुढे सुरू होतं. भिजले तेवढेच पुडे बाजूला. त्या महिन्यात किती वेळा लाईट गेली ते मोजलं नाही, कारण मोजायची गरज राहिली नाही.

हे सगळं क्लाऊडवर का नाही केलं, असं मित्र विचारतात. गूगल अर्थ इंजिन २०१० पासून आहे आणि झटपट नजर टाकायला मीही ते वापरतो. पण या नकाशावर गावानं देवाच्या जागा, मधाच्या पोळ्यांचे कडे आणि कंदांच्या जागा खुणावून दिल्या होत्या. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, हे कुरखेड्याच्या बाहेर जाऊ देऊ नका." दिलेल्या शब्दापुढे सोय महत्त्वाची नव्हती.

मे संपताना, तेंदूची फळी आवरल्यावर, दुसरा नकाशा घेऊन गेलो. डोंगरी लाल दिसत होती. मावशींनी पाहिलं आणि मान हलवली. मग हिरवाईचा पाच वर्षांचा आलेख मांडला आणि सभा पुन्हा गप्प झाली. २०२१ पर्यंत रेष सरळ होती आणि २०२२ च्या सुरुवातीपासून ती एकदम खाली आली होती. जिथे आग लागली नाही अशा राईतही उतरली होती.

"त्या साली तं मोह चांगला झाला होता जी," मागून एक जण म्हणाला. "बांबूही बरा होता. जंगल कमी झालं म्हनता तं कोनतं?"

आलेखातली ही उतरण मी सभेच्या आधीही पाहिली होती. तिचं कारण शोधायच्या ऐवजी मी मनातल्या मनात तिला कारणं पुरवली होती, पाऊस, चराई, तोड. गावाच्या हातातल्या जंगलाची हिरवाई वर्षभरात एवढी घटली असा कागद उद्या कुठे टेबलावर गेला असता, तर गावाला जंगल सांभाळता येत नाही असंच त्यातून वाचलं गेलं असतं. या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

कारण अवकाशातल्या नव्हे, जमिनीवरच्या हिशेबात होतं. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेलच्या चित्रांवर प्रक्रिया करायची रीत बदलली. गडद जागांचे आकडे कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक आकड्यात एक हजार मिळवून ठेवायला चित्रं पुरवणाऱ्यांनी सुरुवात केली. वापरणाऱ्यानं ते हजार वजा करायचे. चित्राबरोबर येणाऱ्या माहितीच्या फाइलीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझी सेटिंग २०२१ च्या आधीची, तिला ही ओळच ठाऊक नव्हती. लाल पट्ट्यात १,००० आणि अवरक्तात २,५०० असलेल्या झाडोऱ्याची हिरवाई ०.४३ येते. दोन्हींत हजार मिळवून तसंच गणित केलं की ती ०.२७ होते. झाड तेच, पान तेच, फक्त कागदावर जंगल विरळ झालेलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण गावानं दोनदा माझा नकाशा पकडला होता आणि दोन्ही वेळा दोष कुठल्या तरी न दिसणाऱ्या सेटिंगमध्ये होता. मी विचारात पडलो. फळीवर असं होत नाही. बाई स्वतः आपले पुडे ओळीत मांडते, मुनशी तिच्यासमोर मोजतो, तिच्या कार्डावर आकडा लिहितो आणि एखादा पुडा लहान म्हणून बाजूला काढला तर का काढला हे तिला तिथेच सांगावं लागतं. पुडा किती पानांचा हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मग माझ्या मोजणीतला पुडा फक्त मला आणि माझ्या संगणकाला ठाऊक, हे कसं चालेल?

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी, मी नकाशा न नेता लॅपटॉप घेऊन गेलो. अख्ख्या चौकटीऐवजी गावाची हद्द तेवढी कापून घेतली होती. गावाचं वनहक्काचं जंगल सुमारे सहाशे हेक्टर. एका हेक्टरात शंभर ठिपके, म्हणजे साठ हजार ठिपके. बारा कोटींपुढे हा आकडा चिमूटभर. तेवढं गणित जुना लॅपटॉप सगळ्यांसमोर काही क्षणांत करून दाखवतो. सेटिंगची फाइल मराठीत लिहून, मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. अकरा ओळी. कोणत्या तारखा घेतल्या, हजार वजा केले का, ढग कसे वगळले, आकडा किती बाइटांचा, आणि शेवटची ओळ म्हणजे किती फरक पडला तर जागा जळाली असं म्हणायचं.

सभा त्या शेवटच्या ओळीवर अडली. मी तिथे ०.२७ हा आकडा ठेवला होता. अमेरिकेतल्या जंगलांवरच्या अभ्यासातून तो आलेला, बरेच जण तोच वापरतात. अध्यक्षांनी विचारलं, तिकडच्या रानातली झाडं फागुनात पानं गाळतात का? आमच्याकडे साग, मोवई, धावडा फागुनात उघडे पडतात. डिसेंबरच्या चित्राशी मार्चचं चित्र ताडून पाहिलं तर न जळालेलं रानही जळाल्यासारखं दिसणारच. अर्धा तास यावर बोलणं झालं. ठरलं असं की तुलना डिसेंबरशी नको, आधीच्या वर्षाच्या त्याच आठवड्याशी करायची. आणि ०.२७ च्या जागी काय ठेवायचं ते जळालेल्या बारा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन ठरवायचं. चार तरुण आणि तीन बाया पुढच्या दोन दिवसांत मोबाइलवर जागा टिपून आल्या. मोहाखाली नुसता पाला पेटवलेला, झाड शाबूत, अशा जागाही त्यांनी टिपल्या. त्या ०.२७ मध्ये कधीच सापडल्या नसत्या. आकडा खाली आणला तशा त्या एकेक करून पडद्यावर उमटू लागल्या. मोह जिथे दाट, तिथेच त्यांची दाटी होती. जाळरेषा कुठे हवी, ते मग कुणाला विचारावं लागलं नाही.

अकरा ओळींचा तो कागद ग्रामसभेच्या रजिस्टरमध्ये ठरावाशेजारी चिकटवला आहे. शेवटच्या ओळीतला छापील आकडा खोडून बाजूला पेनानं नवा लिहिला, त्याखाली सह्या आहेत आणि काही अंगठे.

पुढच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला ग्रामसभेच्या सचिवांचा फोन आला. मोह पडायला लागला होता. म्हणाले, "भाऊ, यंदा सभेच्या आधी एकदा या. या साली आमी पाला जाराच्या ठिकानी झाडून काढला. तं तो झाडलेला भाग तुमच्या मशिनीले जरल्यावानी दिसन का, ते पायलं पायजे. दिसत असन तं ते शेवटली ओळ आमी पुन्ना बदलवू."

मी त्याच दिवशी लॅपटॉप चार्जिंगला लावला.